पडल्याचं औषध

डॉक्टरने माझं लुगडं वर केलं आणि शिकाऊ पोरांना म्हणाला, "बघा."

मला तो काहीच म्हणाला नाही. मी खाटेवर उताणी. पडदा होता, पण गुंडाळून बाजूला बांधलेला. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती, तिचा नवरा बघत होता, डबा घेऊन आलेली तिची सासू बघत होती. आणि पांढऱ्या कोटातली पोरंपोरी माझ्या पोटावर वाकलेली.

"हे काळे डाग दिसतात? हा बिब्बा. ही पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी लोकं. पोट दुखलं की आधी भगत. भगताने वाट लावली की मग आपण. कपाळावरचं गोंदण बघा. लांबून ओळखू येतात."

एक पोरगा हसला. एक वहीत लिहीत होता.

बिब्बा म्हणजे काय ते सांगते, शहरातल्या पोरींना आता माहीत नसेल. रानातलं काळं फळ. तापवलं की तेल सुटतं. जिथं दुखतं तिथं त्या तेलाचा ठिपका द्यायचा. कातडी जळते, डाग राहतो तो जन्माचा. माझ्या बेंबीभोवती तसे ठिपके होते. मी लहान असताना आईने दिलेले, तिच्या आईने तिला दिलेले. त्याबद्दल डॉक्टर खोटं बोलला नाही.

पण त्या ठिपक्यांच्या खाली, डाव्या अंगाला, जे निळंकाळं पसरलं होतं ते बिब्ब्याचं नव्हतं. ते बुटाचं होतं. माझ्या नवऱ्याच्या बुटाचं. मला पाचवा महिना चालू होता.

मी म्हटलं, "साहेब, लाथ..."

सिस्टर म्हणाली, "ए बाई, मधी बोलायचं नाही. मोठे साहेब शिकवतायत."

मग मोठे साहेब माझ्या नवऱ्याकडे वळले. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. सकाळपासून त्याचा चेहरा पडलेला, मान खाली, आता कोण काय विचारतंय म्हणून घाबरलेला. साहेबांनी विचारलं, "काय रे, भगताकडे नेलं होतंस ना हिला?"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा कसा उजळला ते मला अजून दिसतं.

"हो साहेब. नेलं होतं. चुकलं साहेब."

"अडाणी कुठला."

"हो साहेब."

झालं. त्याला वाट पाहिजे होती, ती साहेबाने काढून दिली. कुठला भगत आणि कुठलं काय. आम्ही कुठं गेलोच नव्हतो. पण एकाला आमची जात आधीच माहीत होती आणि दुसऱ्याला सुटायचं होतं. दोघांनी माझ्या पोटावर हात मिळवले.

त्या पोरांत एक मुलगी होती, चष्म्यातली. जाताना ती मागे राहिली. हळूच म्हणाली, "मावशी, आत दुखतंय का?" मी तोंड उघडलं तेवढ्यात पुढून हाक आली, "चला, चला पुढे." ती गेली. तिचा राग नाही मला. तिलाही मधी बोलायचं नव्हतं.

मला पोटदुखीच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं.

घरी म्हणजे काय, द्राक्षबागेतली पत्र्याची खोली. नव्वद सालानंतरची गोष्ट ही. आमच्या पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की दिंडोरीकडे बागेत कामाला जायची, ती उन्हाळ्यापर्यंत तिथंच. मुकादम माझ्या नवऱ्याचा चुलता. खोली बागायतदाराची. पाणी बागायतदाराचं. रेशन मुकादम आणायचा. नवऱ्याने मारलं तर सांगायचं कोणाला, तर चुलत्याला. चुलता म्हणायचा, "तू तोंड सांभाळ." ह्याच्यापुढं दार नव्हतं. बाग केवढी मोठी, पण कुठून बाहेर पडायचं ते मला कधी सापडलं नाही.

लाथ बसली ती भाकरीला उशीर झाला म्हणून. कारण सांगायचं म्हणून सांगते, कारण नव्हतं. आणि दिवस होते डिपिंगचे. द्राक्षाचा घड लहान असताना मगात औषध घेऊन एकेक घड त्यात बुडवायचा, म्हणजे मणी फुगतात. हे काम ठरल्या दिवसांत उरकावं लागतं, नाहीतर मणी बारीक राहतो आणि माल जातो. त्या दिवसांत बागेत कोणाला मरण आलं तरी मुकादम त्या मरणाला थांबायला सांगेल. मी लाथ खाऊन ओळीत उभी राहिले. हात वर करून घड बुडवत होते आणि खालून रक्त जात होतं. शेजारच्या ओळीतल्या बायांनी बघितलं, त्यांनी हातातले औषधाचे मग खाली ठेवले. बायांनी काम थांबवलं म्हणून बागायतदाराची जीप आली, बरं का. माझ्यासाठी नाही आली.

म्हणजे मी वेळेवर गेले होते. हे लक्षात ठेवा.

गोळ्या घेऊन परत आले, आणि त्याच आठवड्यात मूल गेलं. पत्र्याच्या खोलीत, म्हाताऱ्या सुईणीच्या हातात. मग ताप. अंगाला वास यायला लागला. परत त्याच दवाखान्यात. तीच सिस्टर. मला बघून नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "एवढा उशीर का केला? तुम्ही लोकं अशीच. मरायला टेकली की आणता."

मला बोलायची ताकद नव्हती. असती तर म्हटलं असतं, बाई, मी आले होते. तुझ्यासमोर आले होते. लुगडं वर करून तुम्ही सगळ्यांनी बघितलं होतं.

पिशवी काढून टाकली. मला कोणी विचारलं नाही. सही नवऱ्याची घेतली. ज्याने फोडलं त्याचीच सही. शुद्धीवर आले तेव्हा सिस्टरने सांगितलं, "सुटलीस. आता कटकट नाही."

नवऱ्याने पुढच्या वर्षी दुसरी आणली. म्हणाला, रिकामं मडकं घरात कशाला. मी माझी आधीची लेक सोमी कडेवर घेतली, सोमवारी झाली म्हणून सोमी, आणि नाशिकला आले. तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. मी शूर होऊन आले असं कोणाला वाटायला नको. मला हाकललं म्हणून आले.

गंगापूर रोडला एका बंगल्यात भांडी-फरशीचं काम लागलं. घरात शिकलेली माणसं. वहिनी गोऱ्यापान, गोड बोलायच्या. मला मावशी म्हणायच्या. माझा कप वेगळा, मागच्या खिडकीत पालथा. पण चहा रोज मिळायचा, साखर घालून. लेकरांची जुनी वाचनाची पुस्तकं मला द्यायच्या, त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. हे सगळं एकाच बाईचं आहे. माणूस सरळ एका रंगाचं नसतं.

एका सकाळी वहिनी स्वयंपाकघरात आल्या त्या घरात काळा चष्मा लावून. हात छातीशी धरलेला. मी काही विचारलं नाही. मार खाल्लेल्या बाईला मार खाल्लेली बाई ओळखते, त्याला गोंदण लागत नाही. साहेब बाहेर पेपर वाचत होते.

थोड्या वेळाने डॉक्टर घरी आले. घरी! मी त्यांना पाणी दिलं म्हणून सगळं ऐकलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाथरूममध्ये पाय घसरला ना, वहिनी?"

"हो."

"होतं असं. डोक्याला लागलंय का बघू. चक्कर येते? उलटी? चला, एक्स-रे काढून घेऊ. डोक्याचाही फोटो काढू, रिस्क नको."

त्यांनी डोळा बघितला. हात बघितला. दार लावून घेतलं, पडदा ओढला. दुपारपर्यंत हाताला प्लास्टर. जाताना साहेबांना दारात म्हणाले, "जरा सांभाळून." म्हणजे कळलं होतं त्यांना. सगळं कळलं होतं.

मी त्या दिवशी भांडी घासत होते आणि माझे हात थांबले. पहिल्यांदा थांबले. मी विचार केला, हिने खोटं सांगितलं तरी हिला औषध खऱ्याचं मिळालं. मी खरं सांगत होते, मला औषध खोट्याचं मिळालं. लाथ तर दोघींनाही लाथच लागते. तिची कातडी काही जाड नाही आणि माझीही नाही. मग मधे काय आलं? कपाळावरचं गोंदण आलं. पेठ-सुरगाणा आला. "तुम्ही लोकं" आलं.

वहिनींना मी एकदा म्हटलंही, "सोडून जा ना माहेरी." त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमचं बरं असतं. तुमच्यात सोडता येतं. आमच्यात नाही हो."

तुमच्यात. बघा. प्लास्टरातला हात घेऊन ती मला सांगत होती, तुमचं बरं असतं. मला हसूही आलं आणि भांडं आपटावंसंही वाटलं. तिलाही सोडवायला कोणी आलं नाही हे खरं आहे. औषध मिळालं, सुटका नाही मिळाली. ती अजून तिथंच असेल.

वर्षं गेली. दोन हजार साल येऊन गेलं. सोमी मोठी झाली, अठरा पुरे करून लग्न केलं मी तिचं, हट्टाने. लोक म्हणायचे थांबतेस कशाला, मी थांबले. जावई आमच्यातलाच. दिंडोरीला एका बागेत ट्रॅक्टर चालवायचा, फवारणी करायचा, राहायला तिथलीच पत्र्याची खोली. मोबाइल होता त्याच्याकडे, नीट कपडे घालायचा. मला वाटलं, शिकलेला आहे.

एक दिवस दुपारी त्याचा फोन आला. तेव्हा मी एका शाळेत झाडलोट करत होते, तिथल्या बाईंच्या फोनवर आला. "सासूबाई, सोमी पडली. दवाखान्यात आणलंय."

तोच दवाखाना. रंग नवा दिलेला, आत वास तोच.

सोमी खाटेवर. सातवा महिना. ओठ पांढरे. पोटावर बिब्ब्याचे ताजे ठिपके, तिच्या सासूने घातलेले. त्या बाईने बिचारीने तिला येत होतं तेच केलं. आणि ठिपक्यांच्या भोवती ते निळंकाळं.

 मी खाटेची दांडी धरली.

ह्या वेळी डॉक्टर एक बाई होती. तरुण, दमलेली. तिने पोट बघितलं आणि सिस्टरला म्हणाली, "झालं. पुन्हा भगत. ह्यांना कितीही सांगा." मग जावयाकडे बघून, "नेलं होतं ना भगताकडे?"

आणि जावयाचा चेहरा उजळला.

तसाच. अगदी तसाच. मी बघितलं.

"हो मॅडम. आमच्यात तसंच असतं मॅडम."

मी म्हटलं, "नाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नाय. भगत नाय. ह्यानं मारलंय तिला."

मॅडम म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर थांबा."

"नाय थांबत."

"सिस्टर, ह्यांना बाहेर घ्या."

सिस्टरने दंड धरला. मी दांडी सोडली नाही. जावई म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय मॅडम. सोमे, तू सांग. पडलीस ना?"

सोमी म्हणाली, "पडले, आय. पडले ना मी."

आता काय करायचं? पोर माझी. तिच्या तोंडून तिनेच दार लावून घेतलं. तिचा काय दोष. पत्र्याच्या खोलीत तिला परत जायचं होतं, मला नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि परत म्हणाली, "पडले." माझी पोर माझ्यासमोर जात होती, आणि तिच्याच तोंडाने जात होती.

मी सिस्टरचा हात झटकला. सोमीच्या कानाशी वाकले नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले.

"सोमे, तू पडलीस म्हणशील, तर हे तुला पडल्याचं औषध देतील. भगत म्हणशील, तर भगताचं देतील. पोटात लाथ हाय. लाथेचं औषध पाहिजे असेल तर लाथ म्हण. मी म्हटलं तर कोणी ऐकत नाय. तुझं पोट हाय. तू म्हण."

 शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

सोमीने डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाली, "लाथ मारली. बुटानं. दोनदा."

मॅडमचा हात तिथंच थांबला. मग तिने तोच हात सोमीच्या पोटावर ठेवला, आणि ह्या वेळी दाबून बघितलं. सोमी किंचाळली. मॅडमचा चेहरा बदलला. तिने माझी माफी मागितली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पण पळापळ सुरू झाली. सोनोग्राफी, रक्त, ऑपरेशनची तयारी. मला तेवढंच पाहिजे होतं. माफीने रक्त थांबत नाही.

सिस्टर कागद घेऊन आली. "नवऱ्याची सही लागेल."

जावई हात मागे घेऊन उभा. "मी नाही करणार सही. मी घरी नेतो तिला. माझी बायको आहे."

सिस्टर म्हणाली, "आता तो नाही म्हणतो तर आम्ही काय करणार?"

मी म्हटलं, "पोट तिचं. मार तिनं खाल्ला. सही त्याची कशाला? अठरा पुरे झालेत तिला. तिची घ्या."

सिस्टर मॅडमकडे बघायला लागली. मॅडम घाईत म्हणाली, "पेशंट शुद्धीवर आहे ना? घ्या तिचीच." एवढं सोपं होतं. माझ्या वेळेलाही एवढंच सोपं असणार. मी खाटेवर होते ना, मेले नव्हते.

मूल गेलं. सोमी राहिली. पिशवीही राहिली.

हवालदार जबाब घ्यायला आला. खुर्ची ओढून बसला, म्हणाला, "आजीबाई, तुमच्यात पंच असतात ना? पाड्यावर बसवा, मिटवून टाका. कशाला पोरीला कोर्टात फिरवता?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मुलीला मारलं तर कुठं मिटवाल?" तो उठून उभा राहिला. मग बसला. मग लिहिलं. लिहीपर्यंत मी हलले नाही.

पंच बसलेच तरी. पाड्यावर, आंब्याखाली. आमच्यात असं आहे की भांडण मिटलं की दोन्ही बाजूंनी मिळून दारू प्यायची. प्यायली की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही. जावयाकडच्यांनी बाटल्या आणून ठेवलेल्या. मला म्हणाले, बस. मी उभी राहिले.

म्हातारा पंच, माझ्या बापाच्या वयाचा, चांगला माणूस, तो म्हणाला, "पोरी, आधीच ते लोक आपल्याला दारुडे म्हणतात, अडाणी म्हणतात. तू दवाखान्यात सगळ्यांपुढं आपल्या पोराचं नाव घेतलंस. जातीची अब्रू गेली."

हे मला लागलं. मॅडमचं लागलं नव्हतं एवढं हे लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं. आपलं माणूस दाखवलं की ते लोक बोट दाखवतात, बघा, ह्यांच्यात असंच असतं.

मी म्हटलं, "काका, मारणं आपल्या जातीचं नाय. मी गंगापूर रोडच्या बंगल्यात पण बघितलंय. तिथं पडदा ओढतात एवढंच. आपली अब्रू बाईच्या पोटात ठेवलीय तुम्ही, म्हणून लाथ मारली की ती फुटते. तिथून काढा ती. आणि ही दारू मी पिणार नाय. माझा विषय संपला नाय."

बाटल्या तशाच राहिल्या. कोणी माझ्याशी बोललं नाही. अजूनही पाड्यावर काही घरं मला पाणी विचारत नाहीत.

केस चालू आहे. तारीख पडते, जायचं, बसायचं, परत पुढची तारीख. शेवट चांगला झाला असं मी सांगू शकत नाही. सोमी माझ्याजवळ आहे, पण आतून अजून त्या खोलीतच आहे. जावयाचा फोन येतो, रडतो, सुधारलो म्हणतो. परवा भाकरी थापताना ती म्हणाली, "आय, जाऊ का परत? एकटी कशी राहू सगळं आयुष्य?"

मी तिला रागावले नाही. मला माहीत आहे ते दार कसं ओढतं.

मी म्हटलं, "जायचं असेल तर तुझ्या पायानं जा. मी आडवी येणार नाय. पण माझी साक्ष मी मागं घेणार नाय. तू कोर्टात येऊन पडले म्हटलंस, तरी मी लाथच म्हणणार. तुझ्यासमोर म्हणणार."

 भाकरी करपली.

पुढच्या तारखेला मी जाणार आहे. ती आली तर तिच्याबरोबर. नाही आली तर एकटी.